माहीत असलेलं आधी: देवाची आज्ञा रोजच्या जगण्यात पाळायची कशी

आमच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी घरसभा असते, म्हणजे घरातच जमून प्रार्थना आणि शास्त्रवाचन. नागपुरात जरीपटक्याच्या अलीकडे दोन खोल्यांचं घर, पंधरा-सोळा माणसं, चपला पार जिन्यापर्यंत. तिथे एकच तक्रार इतक्या वेळा ऐकली की शेवटी लिहूनच काढावं म्हटलं. "रविवारी उपासनेत मन अगदी भरून येतं हो. ठरवतो, आता देवाचं ऐकायचं. मंगळवारपर्यंत सगळं पहिल्यासारखं." सांगणाऱ्याचा निर्धार खोटा नसतो. चुकतो तो क्रम. चाळीस दिवसांचा उपास, पहाटे चारची प्रार्थना, नोकरी सोडून सेवेत जाणं, अशा फार पुढच्या गोष्टींपासून सुरुवात होते. आणि तिकडे सख्ख्या भावाशी तीन वर्षं बोलणं बंद असतं.

कॅथलिक वाचकांनी पुढे जिथे 'पाळक' (पास्टर) आहे तिथे 'फादर' वाचावं. बाकी क्रम तोच.

## तयारी

आधी मनाची. पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) निर्गम २० उघडा, म्हणजे निर्गम या पुस्तकाचा विसावा, दहा आज्ञांचा अध्याय. आपण सगळे तिसऱ्या वचनापासून वाचतो, कारण 'माझ्याखेरीज दुसरे देव नकोत' हे तिथे आहे. आज दुसरं वचन वाचा. तुला मिसरातून, गुलामीतून मी बाहेर काढलं, असं देव आधी सांगतो. सुटका आधी झाली, दगडी पाट्या नंतर आल्या. इफिसकरांस पत्रातही (२:८-१०) हाच क्रम आहे: तारण कृपेने, आणि सत्कर्मं त्याच्या मागून. हे पक्कं नसेल तर पुढचे सगळे टप्पे म्हणजे देवाशी सौदा होऊन बसतात. "मुलाचं ॲडमिशन होऊ दे, मग दशांश सुरू करतो" हे वाक्य आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, सर्रास ऐकू येतं (दशांश म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देणं). शब्द ख्रिस्ती, आतला हिशेब नवसाचा. नवस बोलून बसलेल्या इफ्ताहाचं काय झालं ते शास्ते ११ मध्ये वाचा, आणि मग उपदेशक ५:५ वाचा.

आता हाताची तयारी. शंभर पानी साधी वही, पेन, पवित्र शास्त्र आणि रोजची ठरलेली वीस मिनिटं. जुन्या भाषांतराची सवय असेल तर तेच वाचा, पण आज्ञेचं वाक्य सोप्या मराठीतल्या भाषांतरातही पाहून घ्या. जुनी भाषा कानाला गोड लागते, आणि त्या गोडीत आपल्याला काहीतरी करायला सांगितलंय हेच निसटून जातं.

वेळ ऋतूप्रमाणे बदला. मे महिन्यात नागपुरात पहाटे साडेपाच ते साडेसहा हाच काय तो माणसांचा तास. पुढे पारा ४५ कडे सरकतो आणि कूलरसमोर बसून डोळे मिटले की प्रार्थना कमी, झोप जास्त. डिसेंबरात मग उशिरा बसलात तरी चालतं.

सावधान: मोबाइलवर शास्त्र वाचत असाल तर आधी डेटा बंद करा. याकोबाच्या पत्रावरून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जायला एक सेकंद पुरतो. परत यायला अर्धा तास लागतो.

## टप्पा १: थकबाकीची यादी

देवाने आज नवीन काय सांगावं याची वाट पाहू नका. त्याने आधीच सांगितलेलं आणि आपण टाळलेलं किती साठलंय ते पाहा. वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहा:

१. कुणाचे पैसे किंवा वस्तू माझ्याकडे अडकल्या आहेत?
२. कुणाला दिलेला शब्द मी मोडला किंवा टांगून ठेवला आहे?
३. कुणाबद्दल मी खोटं किंवा अर्धवट बोललो आहे?
४. कुणाशी मी बोलत नाही, आणि कधीपासून?

प्रत्येक प्रश्नाखाली नावं येऊ द्या. घाई नको. दोन-तीन दिवस लागले तरी चालेल.

इथली नेहमीची चूक म्हणजे गुणांची यादी करणं. "मी अधिक प्रामाणिक होईन", "संयम वाढवीन." अशा ओळी लिहून कुणाचंच काही बिघडत नाही, म्हणून त्या लिहायला सोप्या. ओळीत माणूस, बाब आणि तारीख हवी. माझ्या पहिल्या यादीतली तिसरी ओळ अशी होती: 'कूलरवाला. ३५० रुपये. मे महिन्यापासून.' पंप बदलला, गवत नवीन घातलं, जाताना तो म्हणाला, "बाकीचे उद्या द्या भाऊ." तो उद्या सप्टेंबरपर्यंत उगवला नव्हता. लेवीय १९:१३ म्हणतं, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. मी चार महिने ठेवली होती, आणि त्याच चार महिन्यांत घरसभेत दोनदा याकोबाचं पत्र शिकवलं होतं.

तपासा: यादी वाचताना एखाद्या ओळीवर पोटात खड्डा पडतो का? एकाही ओळीवर पडत नसेल तर यादी अजून पूर्ण झालेली नाही.

## टप्पा २: ही आज्ञा आहे की दुसरंच काही?

या टप्प्यावर सगळ्यात जास्त माणसं घसरतात, आणि नवीन विश्वासणारे तर हमखास. देवाच्या नावाने आपल्यापर्यंत चार वेगळ्या गोष्टी येतात आणि आपण त्या एकाच पिशवीत भरतो.

एक, शास्त्रातली स्पष्ट आज्ञा: खोटं बोलू नका, क्षमा करा, आईबापांचा मान राखा. दोन, मंडळीचा रिवाज: कोणते कपडे, दागिने घालायचे की नाही, टाळ्या वाजवायच्या की नाही. तीन, सद्विवेकाचा प्रश्न. चार, कुणीतरी येऊन सांगतो, "ब्रदर, प्रभूने मला तुमच्याबद्दल दाखवलं."

पहिली पाळायची. दुसरीला मान द्यायचा, पण तिला पहिलीच्या जागी बसवायचं नाही. मार्क ७:९-१३ मध्ये येशू नेमकं हेच पकडतो: देवाला अर्पण केलं असं जाहीर करून लोक म्हाताऱ्या आईबापांना हात आखडत होते, आणि वर धार्मिकही दिसत होते. चर्चच्या बांधकामाला अकरा हजार देऊन आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन "पुढच्या वर्षी बघू" म्हणणारा मुलगा याच जातीचा.

तिसऱ्यात आपल्या शहरातला रोजचा प्रश्न येतो. ऑफिसात गणपतीचा प्रसाद फिरतो, शेजारून महाप्रसादाचं ताट येतं. घ्यायचं की नाही? प्रेषित पौलाने १ करिंथ या पत्राच्या ८ आणि १० अध्यायांत मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल सविस्तर लिहिलंय. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच नाही. बाजारातलं मांस चौकशी न करता खा, मूर्तीच्या मेजवानीत सहभागी होऊ नका, आणि भावाच्या दुबळ्या सद्विवेकाला ठेच लावू नका, अशा तीन दिशा तो एकदम सांभाळतो. रोमकरांस १४ सोबत ठेवून स्वतः वाचा आणि ठरवा. घेत नसाल तर हात जोडून, नाव घेऊन, हसून नाही म्हणा: "काकू, मी हे घेत नाही, पण चहा तुमच्याकडेच पिणार." तोंड वाकडं करून दिलेल्या नकारात आज्ञापालन कमी, उद्धटपणा जास्त. आणि घेणाऱ्या ख्रिस्ती माणसाला घरसभेत टोचू नका.

चौथीबद्दल एवढंच: जो संदेश तुम्हाला घाई करायला, गुप्तता पाळायला किंवा पैसे पाठवायला सांगतो, तो बाजूला ठेवा आणि दोन अनुभवी माणसांना विचारा.

सावधान: घरात मारहाण होत असेल आणि कुणी इफिस ५ दाखवून "अधीन राहा, गप्प बसा" म्हणत असेल, तर ती देवाची आज्ञा नाही. तोच अध्याय नवऱ्याला स्वतःचा जीव देण्याइतकं प्रेम करायला सांगतो. सुरक्षित जागी जा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. क्षमा आणि समेट यांच्या गोष्टी नंतरच्या, आणि एकाच छपराखाली राहून करण्याच्या तर मुळीच नाहीत.

## टप्पा ३: एकच ओळ निवडा, तीही लहान

यादीत बारा ओळी असतील तर बारा एकदम उचलू नका. जी करायला एक तासही लागणार नाही आणि तरी जिची लाज वाटते, ती आधी.

२ राजे ५ मधला नामान आठवा, कोड बरं व्हावं म्हणून संदेष्ट्याकडे गेलेला सेनापती. यार्देन नदीत सात वेळा बुडी मार म्हटल्यावर तो रागावून निघाला. त्याच्या चाकरांनी त्याला वाटेवर आणलं: संदेष्ट्याने काही अवघड सांगितलं असतं तर तुम्ही केलंच असतं ना, मग हे तर सोपं आहे. आपलंही तसंच. उपासाचे दिवस मोजायला आवडतात. कुणाच्या दारात जाऊन साडेतीनशे रुपये द्यायला पाय उचलत नाही.

निवडलेल्या ओळीपुढे दिवस, वेळ, जागा लिहा. 'या आठवड्यात कधीतरी' ही वेळ नव्हे. 'सोमवारी, ऑफिसातून येताना, साडेसहा, त्याच्या दुकानावर' ही वेळ.

## टप्पा ४: प्रत्यक्ष करणं

इथे क्रम मोडू नका: आधी भरपाई, मग माफी, आणि साक्ष, म्हणजे मंडळीपुढे ते सांगणं, सगळ्यात शेवटी. शक्यतो साक्ष देऊच नका. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू अर्पण वेदीपाशीच सोडून आधी भावाकडे जायला सांगतो. आपण उलटं करतो. रविवारी मंडळीपुढे रडून सांगतो, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला ते तिसऱ्याच्या तोंडून कळतं.

भरपाई किती? गणना ५:७ मध्ये मुद्दल अधिक पाचवा हिस्सा असं मोजमाप आहे. जक्कय नावाच्या जकातदाराने लूक १९:८ मध्ये चौपट देऊ केलं. आपल्यावर तो कायदा लागू नाही, पण 'जेवढं होतं तेवढंच, तेही चार महिन्यांनी' यापेक्षा ते मोजमाप बरं. मी हिशेब केला: ३५० चा पाचवा हिस्सा ७०. एकूण ४२०. नोटा मोजून खिशात घातल्या आणि गेलो.

तो एका जुन्या कूलरची टाकी खरवडत बसला होता. पत्र्यावर क्षाराचा पांढरा थर, हात कोपरापर्यंत गंजाने लाल. मी पैसे पुढे केले. "तुमचे मेचे पैसे राहिले होते. माझं चुकलं. मी दुकानासमोरून जात होतो आणि मान वळवत होतो." त्याने हात फडक्याला पुसले, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, चारसोबीस काहून देऊन राहिले मले?" शेजारचा पंक्चरवाला खो-खो हसला. मी आणखी दहा काढून दिले. तेवढंच. ना गळाभेट, ना देवाबद्दल दोन शब्द. तो परत टाकी खरवडू लागला. त्या रात्री मी वहीत ओळीवर काट मारली.

माफीच्या वाक्याचं थोडं व्याकरण:

- "माझं चुकलं" या शब्दांपुढे 'पण' येऊ देऊ नका.
- "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नाही. यात चूक त्याच्या वाटण्याची ठरते.
- काय केलं ते नेमकं बोला. "काही चुकलं-माकलं असेल तर" हे आपण लग्नाच्या पंगतीत म्हणतो.
- समोरच्याने लगेच "जाऊ द्या हो" म्हणावं ही अपेक्षा घरी ठेवून जा.
- व्हॉट्सॲपवर हात जोडलेला इमोजी पाठवून मोकळं होऊ नका. गावाला असेल तर फोन करा.

सावधान: कबुलीमुळे तिसऱ्याच माणसाचं घर मोडणार असेल, किंवा प्रकरण पोलिस-कोर्टातलं असेल, तर एकट्याने धावू नका. आधी पाळकांशी, गरज असेल तर वकिलाशी बोला.

तपासा: काम झाल्यावर त्याबद्दल कुणाला तरी सांगायची खुमखुमी आहे का? असेल तर आठवडाभर गप्प राहा.

## टप्पा ५: रोजचा नेम

थकबाकीतल्या दोन-तीन ओळी कमी झाल्या की मगच रोजचं वाचन 'आज काय करू' या अंगाने सुरू करा. आधी सुरू केलं तर वाचन हे थकबाकी टाळायचं साधन बनतं. वचनं पाठ, भाऊ तसाच.

वाचायला मत्तय ५ ते ७ घ्या. एकूण १११ वचनं, रोज चार-पाच. नंतर रोमकरांस १२:९-२१, इफिस ४:२५-३२, मग याकोब. प्रत्येक वेळी क्रियापद शोधा. सांगितलेली कृती कोणती, ते अधोरेखित करा आणि खाली एक ओळ लिहा: आज, कुणाशी, किती वाजता.

उदाहरण घ्या. रोमकरांस १२:१३ मध्ये पाहुणचार करत राहा असं आहे. वहीत 'पाहुणचार करीन' लिहू नका. मेडिकल चौकात जा. विदर्भातून आणि पार छत्तीसगडातून आलेले पेशंटचे नातेवाईक फुटपाथवर चादर अंथरून दिवस काढतात. मग ओळ अशी बनते: 'शनिवारी दुपारी बारा, चार डबे, पोळी-भाजी-वरण. देताना शेजारी बसून दहा मिनिटं बोलायचं.' पत्रक वाटायचं नाही, फोटो काढायचा नाही.

इफिस ४:२९ घ्या. ओळ: 'चार वाजता चहाच्या टपरीवर नव्या साहेबाच्या विषयात भर घालायची नाही.' ही ओळ मी अकरा वेळा लिहिली आहे.

रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं. झालं तर बरोबरची खूण, नाही झालं तर गोल. कारणं लिहायची नाहीत. कारणांचा निबंध लिहायला लागलात की वही वकीलपत्र होते.

## टप्पा ६: वरचा माणूस उलटं सांगतो तेव्हा

हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत काम करणारा कुणी ना कुणी घरसभेत असतोच, आणि हा प्रश्न त्याचाच. "साहेब मागच्या तारखेचं बिल बनव म्हणतात. काय करू?" प्रेषितांची कृत्ये ५:२९ सगळ्यांना पाठ असतं: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. ते वचन साहेबाच्या तोंडावर फेकायची घाई करू नका. आधी दानिएल १ वाचा. राजाचं अन्न न खाण्याचं दानिएलाने मनात ठरवलं होतं, पण अधिकाऱ्याला त्याने विनंती केली आणि पर्याय दिला: दहा दिवस भाजीपाला आणि पाणी देऊन पाहा. त्या अधिकाऱ्याचीही मान वाचली पाहिजे, हे त्याने ध्यानात घेतलं होतं.

म्हणून क्रम असा. आधी, म्हणजे प्रसंग येण्याच्या आधीच, घरी बसून ठरवा की कोणती सही करणार नाही. प्रसंगात ठरवायला गेलात तर पगार ठरवतो. दुसरं, एकांतात बोला, चारचौघांत नको. तिसरं, नकारासोबत काम पुढे न्या: "सर, या तारखेचं मला जमणार नाही. आजच्या तारखेचं अर्ध्या तासात देतो, पार्टीशी मीच बोलतो." चौथं, परिणाम भोगायची तयारी ठेवा. कधीकधी इन्क्रिमेंट जातं. "देव त्याच्या दुप्पट देईल" असं वचन मी कुणाला देत नाही, कारण तसं वचन मला सापडलेलं नाही.

आणि हो, देवाचं नाव घेऊन नकार देणाऱ्याने वेळेवर यावं. पावणेअकराला पंच करून तत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या की ऐकणारा हसतो.

## टप्पा ७: पडल्यावर

पडणार. नीतिसूत्रे २४:१६ मधला नीतिमानही सात वेळा पडतो. चूक पडण्यात आहेच, पण नंतरच्या वाट पाहण्यात जास्त आहे. "आता येत्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी नव्याने सुरुवात करू" म्हणत मधले पाच दिवस माणूस सूट घेतो.

ज्या तासात पडलात त्याच तासात तीन गोष्टी करा: पापाचं नाव घेऊन देवाला सांगा (१ योहान १:९ डोळ्यापुढे ठेवा), माणसाचं काही बिघडलं असेल तर टप्पा ४, आणि पुढचं नेहमीचं काम हाती घ्या.

तेच ते पाप वर्षानुवर्षं, दारू असेल, फोनवरचा जुगार असेल, तर वही पुरणार नाही. डॉक्टर, व्यसनमुक्ती केंद्र, ए.ए.चा (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा) गट, जे लागेल ते घ्या. "माझा विश्वास कमी पडतो" म्हणून औषध टाळणं हे आज्ञापालन नाही.

## टप्पा ८: एक सोबती

याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं. सगळ्या मंडळीजवळ, असं नाही. बाईने बाई, पुरुषाने पुरुष शोधावा. नातेवाईक टाळा. आठवड्यातून वीस मिनिटं. माझा सोबती आणि मी मेट्रोत भेटतो, सीताबर्डी ते खापरी. प्रश्न तीनच: कोणती ओळ केलीस? कोणती टाळलीस? मघाशी खोटं बोललास का?

सावधान: सोबत्याचं ऐकलेलं प्रार्थनेच्या विनंतीत बदलू नका. "एका भावासाठी प्रार्थना करू या, नाव घेत नाही, पण कॉटन मार्केटजवळ दुकान आहे त्यांचं" ही डोळे मिटून केलेली चहाडी.

## मोठे प्रश्न आता

कोणती नोकरी, कुठलं स्थळ, पुण्याला जाऊ की इथेच राहू, हे प्रश्न घेऊन लोक पहिल्याच दिवशी येतात. मी त्यांना थकबाकीच्या यादीकडे परत पाठवतो. सहा-आठ आठवड्यांनी बहुतेकांचा प्रश्न बदललेला असतो. देवाची इच्छा काय, हे शास्त्रात जिथे थेट लिहिलंय तिथे पवित्रता आहे (१ थेस्सल ४:३), उपकारस्तुती आहे (५:१८). स्थळाचं नाव नाही. ते शहाणपणाने, चार माणसांना विचारून, प्रार्थनेने ठरवा.

राहिलं वहीचं पहिलं पान. सगळ्या ओळींवर काट पडली की ते फाडून बारीक तुकडे करा आणि ओल्या कचऱ्यात टाका. त्यावर दुसऱ्यांची नावं आहेत. माझं पान रद्दीत गेलं होतं आणि रद्दीवाला आमच्याच घरसभेत येतो. त्याचंही नाव त्यात होतं, सातव्या ओळीत.